बर्फ पाहणाऱ्यांचा हिवाळा, बर्फ उपसणाऱ्यांचा हिवाळा

बर्फाळ हिवाळा मला मनापासून आवडतो. हे सांगितलं की समोरचा माणूस हमखास विचारतो, "पण तुला रोज फावडं घेऊन बर्फ उपसावा लागतो का?" प्रश्न अगदी रास्त आहे. खिडकीच्या आतून बर्फ सगळ्यांनाच सुंदर दिसतो. त्याच बर्फातून पहाटे कामावर जायचं असलं, म्हाताऱ्या आईला दवाखान्यात न्यायचं असलं, बाबागाडी ढकलायची असली की सौंदर्य मागे पडतं आणि उरतं ते घसरण्याचं भय. बर्फावर प्रेम करणाऱ्यांनी या प्रश्नाला नीट उत्तर दिलं पाहिजे. माझ्यापुरतं उत्तर असं की हिवाळ्याचा आनंद खरा आहे, मोठा आहे आणि तो सगळ्यांच्या वाट्याला येऊ शकतो. पण तो येतो की नाही, हे ज्याच्या त्याच्या स्वभावावर फारसं अवलंबून नसतं. गाव हिवाळ्याची तयारी कशी करतं, यावर ते ठरतं.

त्रास खोटा आहे असं मी म्हणणार नाही. बाहेर पडायचं म्हणजे अंगावर एकावर एक थर चढवायचे. बूट घालून झाले की किल्ली आतच राहिल्याचं लक्षात येतं. कुलूप गोठलेलं असतं, ते उघडायला हातमोजा काढावा, तर दोन मिनिटांत बोटं बधिर होतात. रस्त्यावरून बर्फ हटवणारी गाडी जाते, रस्ता मोकळा होतो, पण तिने बाजूला सारलेला बर्फ नेमका फुटपाथच्या तोंडाशी गुडघाभर साचतो. तासाभरात त्याचा दगड होतो. दुपारी थोडं वितळतं, रात्री पुन्हा गोठतं आणि सकाळी त्यावर काचेसारखा पातळ थर तयार होतो, जो दिसतही नाही. ज्याने एकदा त्यावर मनगट मोडून घेतलं आहे, त्याला हिमाच्या सौंदर्यावर कोणी व्याख्यान देऊ नये.

तरीही ज्या दिवशी रात्रभर बर्फ पडून सकाळी आभाळ निवळतं, त्या दिवसासारखा दुसरा दिवस वर्षात नसतो. सगळ्यात आधी जाणवते ती शांतता. ती नुसती मनाची समजूत नाही. ताज्या बर्फात बहुतांश हवाच असते आणि त्या असंख्य पोकळ्यांत आवाज शोषला जातो. गाड्यांची घरघर, पावलांचे आवाज, लांबचे भोंगे, सगळं दबल्यासारखं होतं. दुसरा येतो तो उजेड. ताजा बर्फ त्याच्यावर पडलेल्या प्रकाशातला ८० ते ९० टक्के प्रकाश परत फेकतो. म्हणून वर्षातल्या सगळ्यात लहान दिवसांत, सूर्य जेमतेम क्षितिजाच्या वर आलेला असतानाही, बर्फाळ गाव उजळून निघतं. पावसाळी, ओल्या, काळपट डिसेंबरमध्ये राहिलेल्या माणसाला हा फरक विचारा. रात्रीसुद्धा चंद्र असला की दिव्यांशिवाय वाट दिसते. आणि थंडीचा कडाका वाढला, पारा उणे दहाच्या खाली गेला, की पायाखालचा बर्फ करकरायला लागतो. इतक्या थंडीत दाबाखाली बर्फाचे कण घसरत नाहीत, वितळत नाहीत, ते मोडतात. त्या करकरण्यावरून बाहेर किती गारठा आहे हे थर्मामीटर न बघता सांगणारी माणसं असतात.

गडद रंगाच्या लोकरी हातमोज्यावर पडलेला एखादा कण जरा जवळून पाहिला की आणखी एक गोष्ट दिसते. हवा थंड आणि स्थिर असेल तर तो कण अर्धा मिनिट तरी टिकतो. सहा हात, प्रत्येक हाताला फांद्या, फांद्यांना आणखी बारीक फांद्या. बर्फात पाण्याचे रेणू षटकोनी जाळीत बसतात, म्हणून हात सहाच. मात्र त्या हातांची नक्षी हवेचं तापमान आणि बाष्प मिळून ठरवतात. उणे दोनच्या आसपास चपट्या चकत्या तयार होतात, उणे पाचला सुया आणि खांब, उणे पंधराच्या आसपास फांद्यांचे तारे. हे कोडं ज्यांनी उलगडलं त्या उकिचिरो नाकाया या जपानी शास्त्रज्ञांची हकिकत मला फार आवडते. होक्काइदो विद्यापीठातल्या गोठवणाऱ्या थंड खोलीत ते कृत्रिम हिमकण बनवायच्या मागे लागले होते. कण धरून ठेवायला कापसाचे, लोकरीचे धागे वापरून पाहिले, पण धाग्यावर सगळीकडेच गोठण चढायची, सुटा कण काही वाढायचा नाही. शेवटी सशाच्या केसाने साथ दिली. त्या केसावर थोड्या थोड्या अंतरावर बारीक गाठी असतात आणि तिथे एकेक कण सुटा वाढू लागतो. १९३६ मध्ये असा पहिला पूर्ण हिमकण माणसाच्या हाताने तयार झाला. पुढे त्यांनी कोणत्या हवेत कोणता आकार होतो याचा नकाशाच मांडला. म्हणजे मोज्यावर पडलेला प्रत्येक तारा आपण ज्या ढगांतून आलो तिथली हवा कशी होती, हे अंगावर लिहूनच उतरतो. ज्या ऋतूत हे फुकट बघायला मिळतं त्या ऋतूला निव्वळ संकट म्हणणं मला पटत नाही.

आता मुद्द्याकडे येतो. गेल्या काही वर्षांत हिवाळ्याकडे पाहण्याची दृष्टी बदला, असा सल्ला खूप ऐकू येतो. त्यामागे अभ्यास आहे. नॉर्वेतलं ट्रोम्सो हे शहर उत्तर ध्रुववृत्ताच्याही वर आहे, तिथे नोव्हेंबरच्या अखेरीपासून जानेवारीच्या मध्यापर्यंत सूर्य उगवतच नाही. इतक्या अंधारात लोक खचून जात असतील असं वाटतं. कारी लिबोविट्झ या अमेरिकी मानसशास्त्रज्ञ तिथे राहिल्या आणि त्यांनी लोक हिवाळ्याकडे कसे पाहतात याची पाहणी केली. जितकं उत्तरेला जावं, तितकी हिवाळ्याबद्दलची भावना अधिक अनुकूल होती, आणि ज्यांची दृष्टी अनुकूल त्यांचं समाधानही जास्त होतं. हिवाळा सहन करायचा नसतो, जगायचा असतो, हे तिथल्या माणसांना कोणी शिकवावं लागत नाही.

मला हा अभ्यास महत्त्वाचा वाटतो. पण त्यातून काढला जाणारा सोपा निष्कर्ष मला मान्य नाही. दृष्टी आणि समाधान एकत्र आढळतात, एवढंच अशा पाहणीतून कळतं. कशामुळे काय होतं हे त्यातून सिद्ध होत नाही. शिवाय नॉर्वेतला माणूस ज्या हिवाळ्याकडे प्रेमाने पाहतो, त्या हिवाळ्यात घर उबदार असतं. ऑस्लोच्या भोवतीच्या जंगलाला २००९ पासून स्वतंत्र कायद्याचं संरक्षण आहे. त्या जंगलात स्कीच्या वाटांवर दिवे लावलेले असतात, त्यामुळे संध्याकाळी काम सुटल्यावरही लोक तिथे जातात. शहराची मेट्रो थेट जंगलाच्या काठापर्यंत धावते आणि डब्यात स्की घेऊन बसलेला माणूस कोणाला वेगळा वाटत नाही. मोकळ्या निसर्गात कोणीही फिरावं हा हक्क १९५७ च्या कायद्याने दिलेला आहे. अशा ठिकाणी हिवाळ्याबद्दलची दृष्टी अनुकूल होणार नाही तर काय होईल? ती दृष्टी घडवायला वाट, दिवा, गाडी आणि कायदा एवढं सगळं राबलेलं आहे. यातलं काहीही न देता लोकांना फक्त मन बदलायला सांगणं हा अन्याय आहे. आणि ज्यांना अंधाराच्या महिन्यांत दरवर्षी खरंखुरं नैराश्य येतं, त्यांच्यासाठी तर हा सल्ला घातकही ठरू शकतो. ऋतूशी जोडलेल्या या आजाराचं वर्णन नॉर्मन रोझेन्थाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये केलं. त्यावर प्रखर प्रकाशाचे दिवे आहेत, औषधं आहेत, समुपदेशन आहे. त्या माणसांना उपचार मिळाले पाहिजेत.

थंडी कुठे मारते, हे पाहिलं की ही गोष्ट आणखी स्पष्ट होते. हिवाळ्यात मृत्यू वाढतात हे बहुतेक देशांत दिसतं. जिथे थंडी जास्त तिथे ही वाढही जास्त, असं आपण गृहीत धरू. युरोपातल्या अभ्यासांत मात्र उलटं चित्र आढळलं. पोर्तुगाल, स्पेन अशा सौम्य हवेच्या देशांत हिवाळी मृत्यूंची वाढ फिनलंडपेक्षा जास्त निघाली. कारण फिनलंडमध्ये भिंती जाड, खिडक्यांना अनेक काचा, घर तापवायची चोख सोय आणि बाहेर पडताना अंगावर पुरेसे कपडे. सौम्य हवेत घरं बांधताना थंडीचा विचारच झालेला नसतो, म्हणून लोक घरातल्या घरात कुडकुडतात. म्हणजे माणसं मरतात ती पारा किती खाली गेला यापेक्षा तयारी नसल्यामुळे. मला यातला आशेचा भाग मोठा वाटतो. पारा आपल्या हातात नाही, भिंत आहे.

बर्फ हटवण्याबद्दलही तेच. हे काम अगदी तांत्रिक, कोणाच्याही राजकारणाशी संबंध नसलेलं वाटतं. बर्फ पडला, गाड्या निघाल्या, रस्ते साफ झाले. पण आधी कोणता रस्ता, हा प्रश्न विचारला की त्यातलं राजकारण दिसतं. स्वीडनमधल्या कार्ल्स्कूगा या गावाने तो विचारला. तोवर पद्धत अशी होती की आधी मोठे रस्ते, मग लहान रस्ते आणि सगळ्यात शेवटी फुटपाथ आणि सायकलमार्ग. मोठे रस्ते वापरतं कोण? बहुतेक करून गाडी चालवणारे, आणि त्यांत पुरुष जास्त. चालत, सायकलने किंवा बसने जाणाऱ्यांत बायका जास्त, आणि मुलांना पाळणाघरात सोडून पुढे कामावर जाणाऱ्याही बहुतेक त्याच. बर्फात पडून हातपाय मोडून घेणाऱ्यांत चालणाऱ्यांची संख्या मोठी असते, हेही तिथल्या दवाखान्यांना ठाऊक होतं. दहा सेंटिमीटर बर्फातून मोटार सहज जाते, बाबागाडी जात नाही. गावाने क्रम उलटा केला. पाळणाघरांच्या वाटा आणि चालण्याचे मार्ग आधी, मोठे रस्ते नंतर. गाड्या त्याच, माणसं तीच, बदलला तो फक्त क्रम.

स्टॉकहोमनेही ही कल्पना उचलली. नोव्हेंबर २०१६ मध्ये तिथे जेमतेम एका दिवसात चाळीसेक सेंटिमीटर बर्फ कोसळला, शहर ठप्प झालं आणि सगळा राग या नव्या क्रमावर निघाला. मी ही टीका गंभीरपणे घेतो. नोव्हेंबरमध्ये इतका बर्फ तिथे शतकभरात पडला नव्हता. कोणत्याही क्रमाने तो आवरला नसता, असं मला वाटतं. पण त्यातून एक धडा घ्यायलाच हवा. चांगल्या धोरणाला पुरेशी यंत्रं आणि माणसं मिळाली नाहीत तर लोक यंत्रांच्या तुटवड्याला दोष देत नाहीत, धोरणालाच देतात.

फिनलंडमधल्या औलु शहरात हे काम कसं चालतं ते बघण्यासारखं आहे. वर्षातले पाचएक महिने तिथे जमिनीवर बर्फ असतो, तरी माणसं सायकल चालवणं थांबवत नाहीत. लहान मुलं शाळेतसुद्धा सायकलने जातात. हिवाळी सायकलवरची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद २०१३ मध्ये भरली ती इथेच. युक्ती साधी आहे. सायकलमार्गांवर मीठ टाकून बर्फाचा राडा करायचा नाही. बर्फ दाबून घट्ट करायचा, त्याच्यावर खरवडून रेघा पाडायच्या, गरज पडेल तिथे बारीक खडी टाकायची. असा थर चाकाला धरून ठेवतो. महत्त्वाचे मार्ग सकाळी लोक बाहेर पडायच्या आत तयार असतात आणि ते मार्ग मोटारींच्या रस्त्यांपासून वेगळे आहेत. तिथली माणसं काही वेगळ्या मातीची नाहीत. पहाटे कोणीतरी त्यांची वाट करून ठेवतं आणि उद्याही ती झालेली असेल याची त्यांना खात्री असते.

ते कोणीतरी म्हणजे कोण, हेही बोललं पाहिजे. हिवाळ्याच्या कौतुकात ही माणसं कधी दिसत नाहीत. रात्री दोनला गाडी काढणारा चालक, बसथांब्यावरचा बर्फ हाताने खरवडणारा कामगार. आणि जिथे सार्वजनिक यंत्रणा पोहोचत नाही तिथे खुद्द घरमालक. जपानच्या हिमप्रदेशात दर हिवाळ्यात छपरावरचा बर्फ काढताना माणसं पडून दगावतात आणि त्यांत बहुसंख्य वृद्ध असतात. मुलं शहरात गेलेली, घर जुनं, बर्फाचं ओझं वाढत चाललेलं; मग सत्तरीतला माणूस एकटाच शिडीवर चढतो. जड ओला बर्फ फावड्याने उचलताना हृदयावर एकदम ताण येतो, हे डॉक्टर वर्षानुवर्षं सांगत आले आहेत. अशा माणसाने हिवाळ्यावर प्रेम करावं अशी अपेक्षा आपण कोणत्या तोंडाने करायची? छपराचा बर्फ ही त्याची खासगी अडचण आहे असं मानणं मला मान्य नाही. पूर आला की आपण सगळे मिळून धावतो, मग हे ओझं एकट्याच्या पाठीवर का?

यावर एक उत्तर असं दिलं जातं की हिवाळा टाळताच येतो, टाळावा. इमारतींना बंदिस्त पुलांनी जोडावं, लोकांनी घरातून गाडीत, गाडीतून कार्यालयात जावं. अमेरिकेतल्या मिनियापोलिस शहराने १९६२ पासून हा मार्ग धरला आणि आज तिथे पहिल्या मजल्यावरच्या काचबंद पुलांचं जाळं सुमारे १५ किलोमीटरचं आहे. उणे वीस अंशांत त्याचा आधार वाटतो हे कोणीही कबूल करेल. व्हीलचेअरवरच्या माणसाला तर तो मोठाच आधार आहे. पण त्याची किंमत रस्ता मोजतो. माणसं वर गेली की खालची दुकानं ओस पडतात, रस्ता निर्मनुष्य होतो आणि निर्मनुष्य रस्त्यावर उरलेल्यांना आणखीच असुरक्षित वाटतं. शिवाय ते पूल बव्हंशी खासगी इमारतींतून जातात, दारं कधी बंद करायची ते मालक ठरवतात. ज्याला तिथे काम नाही, ज्याच्या खिशात पैसे नाहीत, तो पुन्हा बाहेर थंडीतच. आडोसा हवा, नक्की हवा. मात्र त्यासाठी रस्त्यावरचा हिवाळा सोडून द्यायची गरज नाही.

जपानमधल्या सापोरोला दोन्ही जमलं आहे. वीसेक लाख वस्तीचं हे शहर आणि दर हिवाळ्यात पडणारा बर्फ मोजला तर जवळजवळ पाच मीटर भरतो. तिथेही भुयारी पादचारी मार्ग आहे, तो सार्वजनिक आहे. पण शहराने वरचा बर्फ सोडून दिलेला नाही. ओदोरी उद्यान हे एके काळी बर्फ आणून टाकायचं ठिकाण होतं. १९५० मध्ये शाळकरी मुलांनी तिथे बर्फाच्या सहा मूर्ती घडवल्या आणि त्यातून आजचा जगप्रसिद्ध हिमोत्सव उभा राहिला. स्वीडनमधल्या सुन्सवाल इथलं रुग्णालय तर २००० सालापासून उन्हाळ्यात साठवलेल्या बर्फाने थंड ठेवलं जातं. हिवाळ्यात हटवलेला बर्फ एका खड्ड्यात रचायचा, वर लाकडाच्या चिपांचा जाड थर द्यायचा आणि उन्हाळ्यात त्याचं वितळलेलं पाणी इमारतीत फिरवायचं. बाकीच्या शहरांत हाच बर्फ पैसे खर्चून गावाबाहेर नेऊन टाकला जातो.

हे सगळं आत्ताच का बोलायचं, तर हिवाळा हातचा निसटतो आहे म्हणून. कॅनडाच्या राजधानीतल्या, म्हणजे ओटावातल्या, रिडो कालव्यावर दरवर्षी ७.८ किलोमीटरचा स्केटिंगचा मार्ग खुला होतो. २०२२-२३ च्या हिवाळ्यात बर्फ पुरेसा जाड झाला नाही आणि पन्नासेक वर्षांत पहिल्यांदाच तो उघडला नाही. नेदरलँड्समध्ये अकरा गावांना जोडणारी जवळपास २०० किलोमीटरची स्केटिंग शर्यत भरायची, त्यासाठी सगळ्या वाटेवर पंधरा सेंटिमीटर जाड बर्फ लागतो. १९९७ नंतर ती झालेली नाही. थंडी कमी झाली म्हणून गैरसोय कमी होईल असं ज्यांना वाटतं, त्यांनी शून्याच्या आसपास रेंगाळणारा हिवाळा आठवावा. पाऊस, चिखल, पुन्हा गोठण, घसरण. कोरड्या उणे दहापेक्षा ओला शून्य अंश कितीतरी त्रासदायक. त्यात उजेडही नाही आणि शांतताही नाही.

खर्चाचा आक्षेप उरतो. आधी फुटपाथ साफ करायचे, वृद्धांच्या छपरांकडे बघायचं, घरांच्या भिंती सुधारायच्या, वाटांवर दिवे लावायचे, याला पैसा लागतो. लागतोच. पण मोडलेल्या हाडांचा, बुडालेल्या रोजगाराचा, महिनोन्‌महिने घरात अडकलेल्या म्हाताऱ्यांच्या एकटेपणाचा खर्चही कोणीतरी भरतच असतो. तो नगरपालिकेच्या हिवाळी अंदाजपत्रकात दिसत नाही, इतकंच. म्हणून ज्यांना बर्फ आवडतो, त्यांच्याकडून माझी अपेक्षा जास्त आहे. पहिला बर्फ पडायच्या आत त्यांनी आपल्या गावात एवढं तरी विचारावं, की सफाईचा क्रम कोणी ठरवला, त्यात दवाखान्याकडे जाणारी पायवाट कितव्या नंबरवर आहे आणि ज्यांना फावडं उचलवत नाही त्यांच्या दारासमोरचा बर्फ कोण काढणार आहे.